दमट हवेतल्या गाड्या

कुडाळच्या शोरूममागे, ऑइलचे रिकामे डबे ठेवतात त्या खोलीत
मला एक फोन दिलाय, एक यादी,
आणि वाचून दाखवायचा कागद:
"नमस्कार. आपल्या सुरक्षिततेसाठी कंपनी आपली गाडी
स्वखुशीने परत बोलावत आहे."
स्वखुशीने हा शब्द गाळायचा नाही, साहेबांनी बजावलंय.

दोनशे चौदा गाड्या, वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत.
यादीत माणसं नाहीत, सतरा अक्षरी चासी नंबर आहेत.
माणसं मलाच हुडकावी लागतात.

शिरोड्याच्या रोझालिनबाई म्हणतात, गाडी बरी आसा गो,
कोणाक चावता काय?
आचऱ्याचे मुजावर विचारतात, फुकट? नक्की फुकट?
मग जाता जाता बंपर पण बघा.
तोंडवळीच्या एका गाडीत कोंबड्या राहतात.
मालक सांगतो, अंडी ब्रेकच्या पायाशीच घालतात, आता हलवू कशी?
मी लिहिते: संपर्क झाला.

दोष असा:
स्टेअरिंगच्या पोटात घडी घातलेली पिशवी,
तिच्यामागे पत्र्याची डबी,
डबीत दारू, भुईनळ्यात असते त्याच जातीची.
धडक बसली की ती पेटायची, पिशवी फुगायची,
माणसाचं तोंड वरच्या वर झेलायची.
पण दमट हवेत ती दारू वर्षानुवर्षं ओल धरते,
आणि मग पेटते ती डबीसकट.

ओल धरते.
हे कळायला त्यांना अकरा वर्षं आणि तीन प्रयोगशाळा लागल्या.
माझी आई काडेपेटी तांदळात पुरून ठेवते.
मिठाच्या बरणीला फडकं बांधते, तरी खाली पाणी साठतंच.
पेटीतल्या लग्नाच्या चपलांना दरवर्षी मिशी फुटते.
आमच्याकडे हवा घरातच राहते, जेवते, उशाशी निजते.
तिला कुणी विचारलं नाही.

एकशे त्र्याहत्तर. निवती.
गाडी गजेंद्र कोचरेकरच्या नावावर, फोन बापाने उचलला.
मी कागद वाचत स्वखुशीनेपर्यंत पोचले.
पलीकडे जाळं झटकण्याचा आवाज होता, शिशाच्या गोळ्यांचा.
तो थांबला.
"गाडी भंगारात गेली. परुळ्याच्या उतारार. झील होतो आत."
बराच वेळ काही नाही.
मग, "तेवा खंय होतां ह्यां पत्र?"

फॉर्मवर तीन चौकोन आहेत.
दुरुस्ती झाली. मालक सापडत नाही. गाडी वापरात नाही.
तिसऱ्यावर पेन टेकवून बसले,
शाईचा डाग चौकोनाबाहेर गेला.

बुधवारी ते एसटीने आले, टोपी हातात.
"नवो पार्ट कसो असता? बघूक मिळात?"
पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, असा नियम आहे.
मी थर्माकोलमधून काढून दिला.
पागाचं शिसं तोलावं तसा त्यांनी तो तळहातावर तोलला.
"एवढोच?"

मग खिशातून रुमाल, रुमालात पत्र्याचा तुकडा,
नखाएवढा, एक कड आत वळलेली.
पंचनाम्यात काच लिहिली आहे.
डॉक्टरांनी हा वाटीत घालून दिला होता,
काही न बोलता.
टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी.
साहेबांनी दारातून पाहिलं, चहा सांगितला, आणि मोबाइल कानाला लावून
गाड्यांच्या पलीकडे गेले.

चहावर साय धरली.
"अजून कितके ऱ्हवले?" त्यांनी विचारलं.
एकेचाळीस.
"मगे लाव फोन. मी बसतंय हय."

नंबर फिरवला. रिंग जात होती.
वाचायचा कागद मी पालथा घातला
आणि वर रुमालातला तुकडा ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून.
"काका," मी म्हटलं, "आज गाडी भायर काढू नकात."